पोलादपूरच्या डोंगरावर, भागाआजीच्या हुंकारापाठी

रजेचा अर्ज टेबलावर ठेवला तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, लग्नबिग्न ठरलं की काय? मी म्हटलं, नाही साहेब, पुस्तकं साठलीत. त्यांना ती चेष्टा वाटली, पण रजा मिळाली.

ही गोष्ट साठ सालानंतरची, एखादं वर्ष इकडे किंवा तिकडे. मी पुण्यात एका कचेरीत टंकलेखिका होते. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं बडवायची, संध्याकाळी वाचनालयात जाऊन पुस्तक बदलायचं आणि जेवताना ते ताटाशेजारी उघडून ठेवायचं, हा माझा संसार. भाड्याची एक खोली, एक स्टोव्ह, एक खाट आणि खाटेखाली पुस्तकं. बघायला आलेल्या एका मुलाला मी विचारलं होतं, तुम्ही काय वाचता? तो म्हणाला, पेपर. ते स्थळ तिथेच बारगळलं. पुढेही कुणाचं जमलं नाही, आणि त्याबद्दल मला फारसं वाईट वाटलं असंही नाही.

महाडला माझी मावशी होती. गणपती गेले की ये, म्हणून दरवर्षी बोलवायची. त्या वर्षी मी पिशवीत तीन पुस्तकं कोंबली आणि निघाले. एक राजवाड्यातल्या खुनाची रहस्यकथा, एक बंगालीतून आलेली जाडजूड कादंबरी आणि एक भुतांच्या गोष्टींचा संग्रह. भुतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. म्हणूनच त्या गोष्टी मी भाजलेल्या शेंगांसारख्या खायची.

स्वारगेटहून सकाळची एसटी धरली. भोरला गाडी थांबते, तिथे पोटभर खाऊन घ्यावं, कारण पुढे वरंध घाटात बाहेर बघायचं सोडून दुसरं काही सुचत नाही. भाद्रपदातला घाट म्हणजे एका बाजूला ओला काळा कडा आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पांढरं. खाली दरी आहे हे फक्त ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून कळत होतं. माझ्या शेजारच्या बाई डोळे मिटून जप करत होत्या, आणि मी रहस्यकथेत दुसऱ्या खुनापर्यंत पोचले होते. आज जाणाऱ्यांना एवढंच सांगते, की पावसाळ्यात हा घाट कधीकधी बंद असतो. निघण्याआधी चौकशी करा, नाहीतर ताम्हिणीचा वळसा पडतो.

महाडात मावशीचं घर चवदार तळ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं. काकांचं बाजारात तांदळाचं दुकान. दुकानाच्या भिंतीवर सावित्री नदीच्या पुराच्या रेघा एकावर एक चढलेल्या, आणि काका त्या पाहुण्यांना मुलांच्या उंच्या दाखवाव्यात तशा दाखवायचे. पहिले दोन-तीन दिवस मी ओटीवर बसून वाचत होते. मावशी येताजाता टोमणे मारायची. म्हणाली, एकदा त्या पुस्तकाला मुंडावळ्या बांध म्हणजे मी सुटले.

अशा एका सकाळी काका दुकानातून एका माणसाला घेऊन आले. गणपत त्याचं नाव. पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरात त्याची वाडी. दहा-बारा घरं, गुरं, शेळ्या, उतारावर नाचणी-वरी. तो ओटीच्या पायरीवरच बसला आणि माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिला. काका म्हणाले, याला वाचणारं माणूस हवंय.

त्याने जे सांगितलं ते असं. त्यांच्या वाडीत अक्षर ओळखणारा एकच माणूस होता, त्याचा बाप. सगळे त्यांना बुवा म्हणत. दर श्रावणात बुवा पोथी लावायचे आणि समोर त्यांची बायको, म्हणजे गणपतची आई भागाबाई, बसायची हूं द्यायला. आमच्याकडे नुसतं वाचून चालत नाही, गणपत म्हणाला. ओवी झाली की समोरून कुणीतरी हूं म्हणायचं. हूं आला की समजायचं ओवी पोचली, मग पुढची. आणि हूं देणाऱ्याने मधेच उठून जायचं नाही. चाळीसएक वर्षं ती दोघं अशी समोरासमोर बसत आली. या श्रावणात एक अध्याय अर्धा झाला आणि बुवांची मान पोथीवर कलली. भागाबाईने हूं दिला, पुढची ओवी आली नाही.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवसापासून म्हातारी बुवांच्या रिकाम्या पाटासमोर जाऊन बसली. पोथी फडक्यात बांधून फळीवर ठेवलेली. वाचणारं कुणी नाही. तरी ती थोड्या थोड्या वेळाने हूं म्हणते.

"दिवस उगवला का बसते. अंधार पडला का तितंच आडवी व्हते," गणपत म्हणाला. "खानं नाय, पिनं नाय. गेला तर एखादा घास. तो अध्याय कोन वाचून पुरा करील, तर उठंल बाय ती. नाय तर ती पन चालली."

पोलादपूरच्या शाळेतले मास्तर एकदा येऊन गेले होते. पोथीत बुवांनी मोरपीस ठेवलेलं, तिथून पुढे अध्याय संपेपर्यंत त्यांनी वाचलं. पण त्यांचं वाचणं तिला पोचलं नसावं, ती उठली नाही. मग चहाही न घेता पावसात खाली उतरले. त्यानंतर बोलावलं की त्यांचा घसा धरतो. पावसात भटजी वर चढत नाहीत. बाईने पोथी वाचलेली चालेल का, असं काकांनी विचारलं तर गणपत म्हणाला, आमाला अक्षर हवं, बाई काय नि बाप्या काय.

मावशीचा साफ विरोध होता. मी तयार झाले ते दयेपोटी, असं म्हणायला मला आवडेल. खरं म्हणजे मला कुतूहल वाटलं. पुस्तकात वाचलेलं भूत प्रत्यक्षात किती फुसकं निघतं ते मला बघायचं होतं. बिचारी दुःखाने भ्रमलेली बाई, वाचून दाखवू, समजूत काढू, दोन दिवसांत परत.

महाड ते पोलादपूर एसटीने जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं काम. स्टँडसमोर गरम कांदाभजी आणि चहा घेतला, तेवढाच कोरडा आनंद. पुढे भातखाचरांच्या बांधांवरून, मग एक ओढा, मग सरळ चढ. गणपत डोक्यावर इरलं घेऊन पुढे, मी छत्री सांभाळत मागे. अर्ध्या वाटेत धुकं आलं आणि गणपत दिसेनासा झाला. त्याच्या घुंगुरकाठीच्या आवाजावर चालत राहिले. वर कुठेतरी गुरं होती, त्यांचा वास यायचा, गुरं दिसायची नाहीत. मग वास बदलला, चुलीच्या धुराचा झाला, आणि त्या पांढऱ्यातून, अगदी जवळून, कुणीतरी म्हणालं, हूं.

मी थांबले. मला वाटलं कुणी मलाच उद्देशून बोललं. गणपत वळून म्हणाला, आलं घर.

माजघर शेणाने सारवलेलं, भर दुपारी अंधारलेलं. भिंतीशी एक पाट मांडलेला, त्याच्या पुढ्यात पोथीचा चौरंग रिकामा. पाटाच्या बाजूला पाण्याचा तांब्या. आणि समोर भागाआजी, हिरवं विटकं लुगडं, हाडांचा सापळा, पाठ मात्र ताठ. मी आले, बसले, नमस्कार केला, यातलं काही तिने पाहिलं नाही. ती पाटाकडे बघत होती. माणूस समोर बोलणाऱ्याकडे बघतं तसं, डोळ्यांच्या उंचीवर. थोड्या वेळाने ती म्हणाली, हूं. मग मान जराशी हलवली. मग पुन्हा, हूं.

गणपतच्या बायकोने, सुंदराने, पाटावर बसू नका एवढंच सांगितलं. मी पाटाच्या शेजारी घोंगडीवर बसले. पोथी सोडली. लांब सुट्या पानांची, कडा तेलकट झालेली, एका देवाच्या लीलांची. मोरपिसाचं पान काढलं आणि वाचायला लागले. मला वाचनाचा गर्व होता. आवाज स्वच्छ, उच्चार खणखणीत. एका नगराचं वर्णन चाललं होतं, गोपुरं, बाजार, हत्ती. पहिली ओवी संपवून मी थांबले. हूं आला नाही. दुसरीच्या ऐन मध्यात आला. तिसरीला नाही. चौथीच्या दुसऱ्या शब्दावर आला.

आधी वाटलं मी भरभर वाचतेय. सावकाश वाचलं, तरी जमेना. बाहेर पाऊस, आत मी आणि माझे हत्ती, आणि ती भलत्याच ठिकाणी हूं म्हणतेय. दोन माणसं एका खोलीत बोलत असावीत आणि आपण मधेच उगाच बडबडत राहावं, तसं मला होऊ लागलं. अध्याय संपला. मी समाप्तीची ओवी मोठ्याने म्हटली, हात जोडले. भागाआजीने हात जोडले नाहीत. ती रडत होती. पदर तोंडाशी धरून, आवाज न करता, पाटाकडे बघत.

गणपतने विचारलं, आता उठंल? मास्तर चहा न घेता का उतरले ते मला कळलं होतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही उतरावंसं वाटलं. पण धुक्यात अंगणातलं तुळशीचं झाडसुद्धा दिसत नव्हतं.

रात्री सुंदराच्या शेजारी निजले. सकाळी नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि वाटीभर घट्ट दूध. इतकं चांगलं दूध मी नंतर कधी प्यायले नाही, आणि त्या घरात ते गळ्याखाली उतरवताना लाज वाटली, कारण भागाआजीची भाकरी तशीच झाकलेली होती. ती उजाडल्यापासून बसलेली होती. हूं.

मी पोथी न उघडता नुसती बघत बसले. वाचणाऱ्या माणसाला दुसऱ्या वाचणाऱ्याचा चेहरा कळतो. एसटीत समोरचा माणूस पुस्तक वाचत असला की कुठे हसला, कुठे अडला ते मी बघते, आणि पुस्तक ओळखीचं असलं तर तो कुठल्या प्रकरणात आहे तेही सांगू शकते. भागाआजीचा चेहरा कोऱ्या माणसाचा नव्हता. ती ऐकत होती. मधे एकदा ओठांच्या कोपऱ्यातून हसली. मग बराच वेळ गंभीर. मग हात जोडून कपाळाला लावले, अध्याय संपल्यावर लावतात तसे. मग हात लांबवून तिने पाण्याचा तांब्या पाटाच्या बाजूला आणखी थोडा सरकवला, दमलेल्या माणसाच्या हाताशी यावा म्हणून. थोडं थांबून पुन्हा, हूं.

तेव्हा मला कळलं. आम्ही सगळे मोरपिसापाशी घोटाळत होतो, आणि ती तिथे नव्हतीच. ती किती तरी पुढे गेली होती.

मी पोथीची पुढची पानं चाळू लागले. काल दुपारी ती रडली होती. रडण्याजोगं कुठे आहे? मोरपिसापासून बऱ्याच अंतरावर एक अध्याय सापडला, त्यात एका बाईचं मूल रानात हरवतं. त्याच्या पुढच्या अध्यायात एक खादाड पुजारी होता, देवाचा नैवेद्य चोरून खाणारा, त्याला लोक हसत असणार. सकाळी ती हसली ते इथे. तो अध्याय संपून तिने हात जोडले. म्हणजे आता पुढचा. मी पुढच्या अध्यायाचं पान चौरंगावर ठेवलं. कुठली ओवी ते मला माहीत नव्हतं, म्हणून हलक्या आवाजात सुरुवातीपासून वाचत गेले, घाईघाईने, एखाद्याला वाटेत गाठायला धावावं तशी. हूं इकडेतिकडे पडत होते. आणि एका ओवीच्या शेवटच्या अक्षरावर माझा श्वास संपला आणि त्याच क्षणी समोरून आला, हूं.

पुढची ओवी. हूं. त्याच्या पुढची. हूं.

मी माझी गती सोडून दिली. मधे कुठे थांबायचं, कुठला शब्द ओढायचा, कुठे श्वास घ्यायचा, ते मला तिच्या मानेवरून कळत होतं. ही चाल माझी नव्हती. एका म्हाताऱ्या, दम लागणाऱ्या माणसाची होती. माझ्या डाव्या हाताला रिकामा पाट होता आणि मी तिकडे एकदाही बघितलं नाही. भीती वाटत होती हे सरळ सांगते. पण भीतीपेक्षा वेगळं काहीतरी जास्त होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाबरोबर वाचतेय असं वाटत होतं.

अध्याय संपला. भागाआजीने हात जोडले, मीही जोडले. गणपत आणि सुंदरा दारात उभे होते. मी उठून बाहेर गेले आणि त्यांना सांगितलं, बुवा पुढे वाचत गेलेत. आता एकच अध्याय उरलाय.

ते दोघं हसतील किंवा मला वेड्यात काढतील असं मला वाटलं होतं. गणपतने डोक्यावरचं मुंडासं काढलं आणि खाली बसला. सुंदरा म्हणाली, मग वाचू नका. पोथी सपली का आत्या त्यांच्यासंगं जाईल. गणपतने नाचणीच्या शेताकडे पाहिलं, म्हणजे जिथे शेत असायला हवं होतं त्या धुक्याकडे. मग म्हणाला, नाय वाचली तरी बुवा वाचतीलच. आपल्या हातात काय हाय?

मला त्या क्षणी मावशीची फार आठवण आली. मी साधी टंकलेखिका, मला हे का ठरवायला लावता, असं ओरडावंसं वाटलं. पण एक गोष्ट मला त्या दोघांपेक्षा चांगली कळत होती. शेवटच्या प्रकरणात पोचलेल्या माणसाला पुस्तक मिटायला सांगू नये. भागाआजी भ्रमलेली नव्हती, कुणी तिला झपाटलेलंही नव्हतं. तिला शेवट ऐकायचा होता. मी आत गेले.

शेवटचा अध्याय मोठा होता. दुपार कलली, सुंदराने कंदील लावून ठेवला. आमच्या ओव्या आणि हूं एका रांगेत चालले होते. शेवटचं पान हातात आलं. त्यावर चारच ओव्या होत्या. मी पहिली वाचली, दुसरी वाचली, तिसरी वाचली आणि थांबले. पुढची उघड दिसत होती, पण तोंडातून निघेना. ती संपली आणि या बाईची मान कलली तर? मी पान तसंच धरून बसले.

भागाआजीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे अगदी शहाणे, स्वच्छ.

"वाच गो," ती म्हणाली. "ते थांबल्यात तुझ्यासाठी."

मी वाचली. कशी वाचली ते माझं मला ठाऊक नाही. शेवटचं अक्षर संपलं. हूं आला नाही. गणपत दोन पावलं पुढे आला. भागाआजी हात जोडून, डोळे मिटून बसली होती, आणि तिची छाती हलतेय की नाही ते कंदिलाच्या उजेडात दिसत नव्हतं.

मग ती गुडघ्यावर हात टेकून उठली. पहिल्यांदा कोलमडली, सुंदराने धरलं. तिने तो पाट उचलला आणि भिंतीला उभा टेकवून ठेवला. तांब्या सुंदराच्या हातात दिला. त्यात पाणी किती होतं ते मी बघितलं नाही, मुद्दामच बघितलं नाही. चुलीपाशी बसून ती म्हणाली, भाकर दे. गणपत अंगणात जाऊन ढसाढसा रडला, बाप गेला तेव्हा रडायचं राहून गेलं होतं म्हणे.

दुसऱ्या सकाळी धुकं फाटलं आणि खाली सावित्रीचं पात्र दिसलं. निघताना भागाआजीने मला उंबऱ्यात बसवून घेतलं. माझ्या पिशवीतली पुस्तकं तिने एकेक करून हातात घेऊन बघितली. ही सगळी वाचतेस? म्हटलं, हो. मग तिने अगदी साधेपणाने विचारलं:

"मग तुला हूं कोन देतं?"

मी म्हटलं, आजी, आम्ही मनातल्या मनात वाचतो, त्याला हूं लागत नाही. तिला माझी चेष्टा करायची नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

"मग वाचलेलं पोचतं कुठं?"

वाट निसरडी आहे, सांभाळून जा, असं म्हणून तिने पुस्तकं पुन्हा पिशवीत नीट भरून दिली.

महाडला परतले तर मावशीने दृष्ट काढली, काकांनी सगळं दोनदा सांगायला लावलं. पुढे दिवाळीला काकांकडून कळलं की म्हातारी शेळ्यांमागे फिरते आणि सुनेशी भांडते, म्हणजे बरी आहे. पुढची कित्येक वर्षं ती होती. तुम्ही आज महाबळेश्वरकडे जाताना पोलादपूरवरून आंबेनळी घाटाला लागता, तेव्हा डावी-उजवीकडे अशा वाड्या दिसतात. पायथ्याशी गाडी ठेवून चढा, सोबत पाणी आणि काठी घ्या, आणि पावसात वाट दाखवणारं कुणी असल्याशिवाय जाऊ नका.

पुण्याला पोचले त्या संध्याकाळी खोली उघडली, स्टोव्ह पेटवला, ताट वाढून घेतलं आणि नेहमीप्रमाणे शेजारी पुस्तक उघडलं. बंगाली कादंबरी, अर्धी राहिलेली. दोन पानं वाचली. नायिका नदीच्या घाटावर एकटी उभी होती. वाक्य सुंदर होतं, आणि का कुणास ठाऊक, मी ते मोठ्याने वाचलं. वाक्य संपल्यावर थांबले. खाली कुणीतरी नळ सोडला होता, तेवढाच आवाज. डोंगरावरच्या त्या घरात बाजूला रिकामा पाट असतानाही वाटली नव्हती एवढी भीती मला माझ्या खोलीत, दिव्याच्या उजेडात वाटली. समोर खाट होती, भिंत होती, कॅलेंडर होतं. कुणीही हूं म्हटलं नाही.

मी तेच वाक्य पुन्हा वाचलं, जरा हळू, कुणी ऐकत असेल तर त्याला वेळ मिळावा म्हणून.